डेड स्टॉक, दहावी मराठी माध्यम

यादी मुलांनी केलेली आहे, टिपणे माझी.

कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यात, भालकीहून कमळनगरकडे जाताना लागणाऱ्या एका गावातली ही शाळा. माध्यम मराठी, तुकडी एकच. मार्च 2025 मध्ये एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या परीक्षेला, बसणाऱ्या मुलांचा निरोप समारंभ होता आणि मी पाहुणा. मी याच शाळेचा, पण फार जुन्या बॅचचा. अशा वेळी पाहुण्याने ‘मोठे व्हा, शाळेला विसरू नका’ एवढे बोलून नारळ घेऊन निघायचे असते. त्याऐवजी मी खडू उचलला. प्रत्येक शाळेत एक डेड स्टॉक रजिस्टर असते. मोडकी बाके, फुटक्या परीक्षानळ्या, पंख्याची वाकलेली पाती, सगळ्यांची त्यात नोंद होते आणि वेळ आली की पुढे ‘निर्लेखित’ असा शेरा पडतो. मुलांना म्हटले, तुम्ही शाळेत आलात तेव्हा होते आणि आज नाही, असे जे असेल ते सांगा. फळ्यावर चढवू.

पहिल्याच नोंदीवर भांडण लागले. मागच्या बाकावरून एक जण ओरडला, “मराठी!” पुढच्या बाकावरची मुलगी वळून म्हणाली, “मराठी कुठं गेलीय रे? घरी हाय की.”

तिचे बरोबर होते. या पट्ट्यातून मराठी उठून गेलेली नाही. लग्नपत्रिका मराठीत छापतात, सप्त्यात हरिपाठ होतो, हुमनाबादजवळच्या माणिकनगरला माणिकप्रभूंची मराठी पदे म्हणतात. ज्या गाणगापुरावर गुरुचरित्राचे निम्मे लक्ष आहे, ते कलबुर्गी जिल्ह्यातच आहे. भांडण पाचएक मिनिटे चालले. शेवटी ‘मराठी’ पुसून तिथे जे लिहिले, ते दोघांनाही पटले.

मराठीतले गणित

गणिताचे जुने सर निवृत्त झाले. जागा भरली गेली नाही. अतिथी शिक्षक आले. माणूस चांगला, शिकवायची हौस असलेला, पण स्वतः कन्नड माध्यमातून शिकलेला. ते फळ्यावर इंग्रजी लिहितात, समजावून कन्नडमध्ये सांगतात, आणि मुले वहीत मराठी उतरवून घेतात. एका मुलीची वही मागून घेतली. पानावर वर ‘प्रमेय’ असे लिहून खाली दोन रेघा मारलेल्या. मग पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, अगदी आमच्या वेळेसारखे. मधेच एका पायरीला तिला शब्द सापडलेला नाही. तिथे तिने कानावर पडलेला कन्नड शब्द देवनागरीत लिहून पुढे प्रश्नचिन्ह केले आहे. खाली सरांची लाल शाईतली सही कन्नडमध्ये, आणि सहीच्या वर ‘सरि’. म्हणजे बरोबर.

गणित तिचे बरोबरच होते. प्रश्न तो नाही.

मला वाटते ते असे की भाषेला गाण्याबजावण्यात काही होत नाही. भजन, ओवी, शिवी, उखाणा, यांना कुणाचा धक्का लागत नाही. ती घरचीच माणसे. भाषा जाते ती कामावरून. लसावि, मसावि, व्यस्त प्रमाण, सरळव्याज, द.सा.द.शे. या शब्दांवर कुणी कविता केलेली नाही, आणि त्यांच्या नावाने कुणी गळाही काढणार नाही. पण याच शब्दांत इथल्या माणसाने सावकाराचे व्याज मोजले, विहिरीचे घनफळ काढले, वाटणीचे गुंठे ठरवले. हे काम मराठीतून गेले तर उरलेली मराठी सणासुदीला घालायच्या धोतरासारखी राहील. मुलांना हे मी सांगितले नाही. त्यांना परवा पेपर होता.

पावकी, निमकी, दीडकी, औटकी: ही मी सुचवली. मुलांनी ऐकलेलीच नव्हती. जे पाहिलेच नाही ते आमच्या यादीत कसे, असे म्हणून त्यांनी नाकारली. नियम म्हणजे नियम.

कन्नडची मराठी वही

ही नोंद माझ्या बॅचने आनंदाने निर्लेखित करावी अशी. आमच्या वेळी कन्नड उशिरा भेटायची आणि परीक्षेला आडवी यायची. मग एक स्वतंत्र वही असे. तिच्यात कन्नड वाक्ये देवनागरीत लिहिलेली: ‘नानु शालेगे होगुत्तेने’, आणि खाली अर्थ. निबंध असाच पाठ करायचा, मग लिपीत उतरवायचा, चित्र काढल्यासारखा. ‘आकळु’ म्हणजे गाय. आम्ही सगळ्यांनी गायीवरचाच निबंध पाठ केला होता आणि पेपरात शाळेवरचा आला. तेव्हा आम्ही गाय शाळेत नेली.

या मुलांचे तसे नाही. कन्नड भाषा अध्ययन कायदा 2015 चा. 2015-16 पासून पहिलीला लागू आणि मग दर वर्षी एकेक यत्ता वर. ही मुले पहिलीत गेली तेही 2015-16 सालीच. कायदा आणि बॅच हातात हात घालून दहावीपर्यंत आले. त्यामुळे ही पोरे बसवरची पाटी, तलाठ्याचा कागद, पहाणीचा उतारा सरळ वाचतात. आमच्यातले निम्मे अजून दुसऱ्याला विचारतात. माझी तक्रार कन्नड आल्याबद्दल नाही. कन्नड यायलाच हवी. भालकीत राहून कन्नड न येणे हा अभिमान नव्हे, ती अडचण आहे. एक भाषा आत घ्यायला दुसरी दाराबाहेर काढावी लागत नाही, हे या भागाइतके कुणाला माहीत असेल?

माझ्या आजोबांचा शाळेचा दाखला घरी आहे. तो उर्दूत आहे. तारीख फसली सनाची, 1350, म्हणजे 1940-41. निजामाच्या राज्यात वरचे शिक्षण उर्दूतच होते. आजोबा उर्दूत शिकले, वडील आणि मी मराठीत, माझी भाचरे इंग्रजीत. घरात चारही पिढ्या बोलल्या मराठीच. 2023 मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि निजामकाळच्या कागदांना एकदम भाव आला. पलीकडचे पाहुणे चौकशी करत आले, आजोबांचा दाखला पाहिला, मोबाइलवर फोटो काढला. वाचता कुणालाच आला नाही.

सरकारी सायकल

आठवीत गेले की सायकल. ही योजना 2006-07 ची; कोविडच्या वेळी थांबली ती पुन्हा चालू झाली नाही. ही मुले 2022-23 ला आठवीत आली. म्हणजे मोठ्या बहिणीला मिळाली, धाकटीला नाही. एका घरात अजून ताईची सायकल आहे. तिच्यावरून आता दुधाचे कॅन जातात.

मुलींचा बसचा पास

11 जून 2023 ला शक्ती योजना सुरू झाली आणि कर्नाटकच्या साध्या बसमध्ये बायकांना प्रवास फुकट झाला. तेव्हापासून मुलींनी पास काढणे सोडले. आधार दाखवायचे, कंडक्टर शून्य रुपयांचे तिकीट फाडून देतो. मुलगे अजून पास काढतात, फोटो चिकटवतात, शिक्का मारून घेतात, आणि मुली त्यांच्याकडे दयेने बघतात.

गंमत पुढे आहे. दहावीनंतर यातल्या काही जणी उदगीरला जाणार. फुकट प्रवास आपल्या राज्यापुरता. पलीकडे महाराष्ट्राची लाल एसटी. तिथे मार्च 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट. एक जण हिशेब करूनच बसली होती: कमळनगरपर्यंत शून्य, तिथून गाडी बदलली की अर्धे. “थेट गाडीत बसले तर महाग पडतं सर.” दोन सरकारांची मेहेरबानी एका प्रवासात पदरात पाडून घेण्याची ही अक्कल शाळेने शिकवलेली नाही.

नववीचा निकाल

हा जुना होऊन गेलेला नाही. तो आलाच नाही.

या बॅचवर जितके प्रयोग झाले तितके कुणावर झाले नसतील. आठवीत होते तेव्हा सरकारने पाचवी-आठवीला बोर्डाची परीक्षा आणली. शाळांच्या संघटना कोर्टात गेल्या, मुले अभ्यास करू की नको अशी लोंबकळत राहिली, शेवटी मार्च 2023 च्या अखेरीस परीक्षा झाली. नववीत गेले तर नववीलाही बोर्ड. मार्च 2024 मध्ये पेपर सुरू झाले, सर्वोच्च न्यायालयाने थांबवले, उच्च न्यायालयाने मान्यता दिली, उरलेले पेपर पुन्हा घेतले. मग एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालालाच स्थगिती दिली. मुले नेहमीच्या मूल्यमापनावर दहावीत आली. एक मुलगा मात्र अजून हळहळतो. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा विज्ञानाचा पेपर चांगला गेला होता.

सहावी

सगळ्यांनी एका आवाजात सांगितली. 2020-21. काही दिवस विद्यागम होते: मास्तर गावात येऊन देवळाच्या ओट्यावर, झाडाखाली शिकवायचे. ऑक्टोबरात तेही बंद झाले. नंतरच्या महिन्यांतले कुणालाच काही आठवत नाही. शेळ्या आठवतात.

कॉपी

हे नाव फळ्यावर घ्यायचे की नाही यावर मुख्यगुरूंनी खोकून नापसंती दाखवली. घेतले.

आमच्या काळी दहावीचे केंद्र म्हणजे जत्रा. खिडकीखाली मामा, काका, गावातले सगळे बेकार तरुण. पाण्याच्या बाटलीच्या कागदाआड उत्तरे. भिंतीवर चढणाऱ्याला खालून पायाचा आधार देणारा वेगळा, वर चढणारा वेगळा, आणि प्रश्न सोडवून देणारा तिसराच. इतकी शिस्त शाळेच्या कवायतीत कधी दिसली नाही. पलीकडच्या मराठवाड्यातही वेगळे काही नव्हते. या बाबतीत सीमावाद कधीच नव्हता. त्यात आमच्यावर एक अन्याय होता: इथले कॉपी पुरवणारे पुष्कळ जण कन्नड माध्यमाचे. चिठ्ठी आत यायची, ती कन्नडमध्ये. मग तिचे भाषांतर करायचे. इतके कष्ट केल्यावर थोडे शिक्षण झालेच.

2024 पासून परीक्षेच्या खोल्यांत कॅमेरे आणि वेबकास्टिंग आले. त्या वर्षी निकाल इतका घसरला की सरकारला वाढीव गुण देऊन तो वर आणावा लागला. 2025 ला ती सवलत नव्हती. मे महिन्यात निकाल लागला तेव्हा कलबुर्गी जिल्हा राज्यात अगदी तळाला होता, 42 टक्क्यांच्या आसपास. समुद्राकडचा दक्षिण कन्नड जिल्हा नव्वदच्या वर. वर्तमानपत्रांनी आमच्या भागाची नेहमीप्रमाणे कीव केली. कॉपी गेली याचा मला आनंदच आहे. पण खिडकीतून येणारी चिठ्ठी थांबवली आणि दारातून येणारा शिक्षक पाठवला नाही, याला सुधारणा म्हणायला जीभ रेटत नाही.

अंडे

हे गेले नाही, आले. ही मुले सातवीत असताना, डिसेंबर 2021 मध्ये, कल्याण कर्नाटकातल्या, म्हणजे आमच्या भागातल्या, शाळांत जेवणात अंडे सुरू झाले. नको असेल त्याला केळे. काही मठांनी विरोध केला, बराच गाजावाजा झाला. वर्गात कोण अंड्याच्या यादीत आणि कोण केळ्याच्या, ही माहिती घरी न सांगण्याचा ठराव मुलांनी तेव्हाच एकमताने केला होता. तो अजून पाळला जातो, म्हणून इथे अधिक लिहीत नाही.

भिंतीवरचा नकाशा

कर्नाटकाचा मोठा कापडी नकाशा. खालच्या काठाला उंदराने कुरतडलेला, वर मात्र शाबूत; आणि आम्ही वरच आहोत. बीदरला कर्नाटकाचा मुकुट म्हणतात, तो नकाशा पाहिला की पटते. या नकाशावर कलबुर्गी नाही, गुलबर्गा आहे. नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बदलले. यादगीर जिल्हाही नाही. तो 2009 च्या अखेरीस गुलबर्ग्यातून निघाला. मागच्या वर्षी नकाशा खाली उतरला आणि जागी स्मार्ट टीव्ही आला. टीव्हीवर नकाशा दिसतो, वीज असली तर.

त्या नकाशात मला नेहमी खटकायची ती वरची पांढरी जागा. मांजरा नदी त्या पांढऱ्यातून अचानक निळी होऊन आत यायची आणि आमच्या तालुक्याला वळसा घालून पुन्हा पांढऱ्यात जायची. ती बीडच्या बालाघाट डोंगरात उगवते, लातूरवरून येते, पुढे तेलंगणात गोदावरीला मिळते, हे पुस्तकात होते. नकाशात मात्र कोरे. उदगीरही त्या कोऱ्यातच. आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांचे आजोळ त्या कोऱ्यात होते. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बीदर जिल्ह्याचेच तालुके. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले तेव्हा बीदर जिल्ह्याचेही तीन झाले: काही मुंबई राज्यात, काही आंध्रात, आम्ही म्हैसुरात. एका रात्रीत मामा परराज्यात गेला.

एप्रिल 2022 मध्ये त्या कोऱ्या जागेत, उदगीरला, 95 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. आमच्या शाळेचे मराठीचे सर गेले आणि पिशवी भरून पुस्तके आणली. ती कपाटात आहेत. कपाटाची किल्ली मुख्यगुरूंकडे आहे. आणखी काय सांगू?

झेंड्याला येणारे म्हातारे

सतरा सप्टेंबर. 1948 साली याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली. पलीकडे तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, अलीकडे कल्याण कर्नाटक उत्सव दिन. एकाच सकाळी दोन्हीकडे झेंडा लागतो; बेंगळुरूकडच्या शाळांना त्याचे काही नसते. पूर्वी या दिवशी गावातला एखादा स्वातंत्र्यसैनिक येऊन बसायचा. टोपी, काठी, कानाला कमी. भाषण मराठीत, मधे उर्दू, रागावला की कन्नड. बसवकल्याण तालुक्यातल्या गोरट्याला 1948 च्या मे महिन्यात रझाकारांनी कापाकापी केली, ती आम्ही पुस्तकात नाही, अशाच एका म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकली. मुलांना पहिलीत असताना असे एक आजोबा दिसल्याचे आठवते. ते बोलले काय ते आठवत नाही, पण त्यांनी लिमलेटच्या गोळ्या वाटल्या होत्या. आता खुर्ची लावतात आणि तिच्यावर सरपंच, म्हणजे इकडच्या भाषेत पंचायत अध्यक्ष, बसतात.

मागच्या बॅचच्या नोट्स

महाराष्ट्रातल्या पोराला दुकानात गेले की गाईड मिळते. आमच्या मुलांचा अभ्यासक्रम कर्नाटकाचा, भाषा मराठी. पुस्तके कर्नाटक पाठ्यपुस्तक संघ मराठीत छापून देतो, पण यावर गाईड काढून कोण खाणार? गिऱ्हाईकच नाही. म्हणून इथे मागच्या बॅचच्या हुशार मुलीच्या वह्या हेच गाईड. त्या वह्यांना नावे असतात. अमक्या ताईचे विज्ञान, तमक्या दादाचे समाज. झेरॉक्स होत होत अक्षर फिकट होते, मग एखादी पुन्हा सगळे लिहून काढते आणि वहीला नवे नाव मिळते. तीन बॅचच्या चुका त्यात जशाच्या तशा उतरलेल्या असतात. एका वहीत कदंबांची राजधानी बनवासीऐवजी ‘वनवासी’ अशी वर्षानुवर्षे चालू आहे.

या वर्षीच्या वह्या द्यायच्या कुणाला, हा प्रश्न आहे. नववीत मुले अगदी थोडी. हजेरीचे अर्धे पान कोरे राहते. एक मुलगी म्हणाली, सगळ्यांना मूळ वहीच देऊ, झेरॉक्स कशाला.

पिवळी गाडी

ही येते सकाळी साडेसातला आणि गावातली लहान मुले उचलून भालकीच्या इंग्रजी शाळेत नेते. पहिलीत या बॅचबरोबर असलेले कितीतरी जण एकेक करून त्या गाडीत चढले. डेड स्टॉकमध्ये गाडीची नोंद कशी करायची, म्हणून मुलांनी ‘गाडीत गेलेले’ असे शीर्षक दिले आणि नावे घेऊ लागली. मी थांबवले, कारण त्यात शिक्षकांची मुलेही निघाली. माझा पुतण्याही निघाला असता.

इथे सरकारकडे, कन्नडकडे, सीमावादाकडे बोट दाखवायची सोय आहे आणि आम्ही सभेत ती वापरतो. पण हीच गाडी उदगीर तालुक्यातल्या खेड्यांतही फिरते, जिथे राज्यही मराठी आहे. अक्कलकोट आणि जतच्या कन्नड शाळा महाराष्ट्रात आहेत; तिथली माणसेही मास्तर नाहीत म्हणून रडतात, आणि त्यांच्याही गावात गाडी येते. दोन्ही राज्यांत गाडीचा रंग एकच आहे. आईबापांनी काय चूक केली, मला सांगता येणार नाही. दहावीपुढे पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, ती इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये. मराठी एका विषयापुरती. जी वाट दहाव्या वर्षी संपते तिच्यावर पोराला पहिल्या वर्षी का घालायचे, असा त्यांचा सरळ सवाल आहे.

येळवशीची खोप

ही नोंद शाळेची नाही असे मुख्यगुरू म्हणाले. मुले म्हणाली, आहे. मार्गशीर्ष अमावास्येला शाळेत कुणी येत नाही, मास्तरही येत नाहीत, म्हणून ती शाळेचीच. लातूर, धाराशिव, बीदर, कलबुर्गी, या पट्ट्यातला हा सण. पुण्याकडचा माणूस येळवस म्हटले की तोंडाकडे बघतो. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोप करायची, आत पाच पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग जेवायचे ते भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, मडक्यातले आंबील. भज्जीला ओली तूर, हरभरा, वाटाणा, असेल ती भाजी, आणि ताकात कालवलेले बेसन. करणारी बाई आदल्या रात्री झोपत नाही. दक्षिणेकडून बदलून आलेल्या मास्तरला पहिल्या वर्षी गावातली सगळी मुले आपापल्या शेतात ओढतात आणि तो चौथ्या शेतात आडवा होतो.

सण चालूच आहे, जोरात आहे. गेली ती खोप. ज्वारी कमी झाली, सोयाबीन आले, कडबा विकत घ्यावा लागतो. पेंढ्यांऐवजी आता शेडनेट किंवा आईची जुनी साडी. पांडवांची तक्रार नाही.

स्लॅम बुक

मुली म्हणाल्या, लिहा. मुलगे म्हणाले, आमचे कधी नव्हतेच. आवडता रंग, आवडता हिरो, पहिली भेट, ‘माझ्याबद्दल एक शब्द’. आता इन्स्टावर रील. निर्लेखित.

दोन दाखले

प्रत्येकाच्या फायलीत दोन कागद आहेत. एक कर्नाटकाचा, कलम 371-जे चा. 98 व्या घटनादुरुस्तीने हे कलम आले आणि या मागास भागातल्या स्थानिकांना नोकरी-प्रवेशात राखीव जागा मिळाल्या. म्हणजे तो कागद सांगतो, तू इथला. दुसरा महाराष्ट्रासाठीचा. महाराष्ट्राने ज्या 865 गावांवर हक्क सांगितला आहे, त्यांतल्या मराठी मुलांना तिकडच्या काही प्रवेशांत सवलत आहे. तो कागद सांगतो, तू तिथला. महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून पडून आहे. त्यानंतर ही मुले जन्मली, शिकली, दहावी झाली. याच सीमेसाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल तर 1967 चा. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने बेळगाव, कारवार, निपाणीबरोबर बीदर आणि भालकी यांची नावे घेऊन ठराव केला, तेव्हा ही मुले आठवीत होती आणि सहामाहीचे गुण लपवण्याच्या खटपटीत होती.

“तुम्हाला कुठे जायचंय?” मी विचारले. हा प्रश्न पुढाऱ्यांना विचारला तर तासभर भाषण मिळते. मुलांनी उत्तरे दिली ती अशी: लातूर, शाहू कॉलेज. उदगीर, नर्सिंग. भालकी, आयटीआय. हैदराबाद, चुलत्याकडे. पुणे, कुठेही. एकाने सांगितले, शेत. दोन्ही दाखले मात्र सगळ्यांनी एकाच झेरॉक्सच्या दुकानात, एकाच दिवशी, लॅमिनेट करून घेतले आहेत. पाच जणांचे एकदम केले की दुकानदार कमी घेतो.

नाव

ही यादीतली शेवटची नोंद निकालानंतर चढली. टीसी न्यायला मुले आली तेव्हा मी योगायोगाने ऑफिसात बसलो होतो. एका मुलाचे नाव ज्ञानेश्वर. मराठी रीतीने इंग्रजीत लिहिताना ते डी-एन-वाय ने सुरू होते. आधारवर तसेच आहे, कारण आधार काढले तेव्हा तो आजोळी, उदगीरला होता. कन्नड रीतीने तेच नाव जे-एन ने सुरू होते. मार्क्स कार्डावर तसे आले आहे. जातीचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसुलाच्या कचेरीतून, काढलेला, त्यावर जी-एन. पोरगा तिन्ही कागद टेबलावर ओळीने मांडून उभा होता.

“मार्क्स कार्डावर जे आहे ते तुझं नाव,” क्लार्क म्हणाले. “आता जन्मभर तेच.”

“आणि उदगीरच्या कॉलेजात?”

“तिथं ॲफिडेव्हिट द्यायचं. तिन्ही मीच म्हणून.”

त्याने कागद गोळा केले, दारापर्यंत गेला आणि परत आला.

“सर, ॲफिडेव्हिट कन्नडमध्ये करू का मराठीत?”

“इंग्रजीत,” क्लार्क म्हणाले, आणि पुढच्याला हाक मारली.